स्ट्रोकला सात महिने झाले, रोबोवर चालवल्याने वडिलांचं चालणं सुधारेल का?

प्रश्न बराच लांब होता, म्हणून त्याचा गाभा आधी मांडतो. वडील ६२ वर्षांचे. सात महिन्यांपूर्वी मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून स्ट्रोक झाला, डावी बाजू गेली. आता घरात काठी घेऊन चालतात, पण डावा चवडा जमिनीला घासतो आणि पडायच्या भीतीने ते घराबाहेर जात नाहीत. एका केंद्राने रोबोवर चालवण्याचा कोर्स सुचवलाय. एका डॉक्टरांनी 'सहा महिने उलटले, आता फार अपेक्षा ठेवू नका' असं सांगितलंय. नातेवाइकांकडून गोळ्या, बोटॉक्स आणि स्टेम सेल असे तीन वेगवेगळे सल्ले आलेत. यातल्या कशाला खरोखर संशोधनाचा आधार आहे, असं मुलाने विचारलंय.

सहा महिन्यांच्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण तो मनात पक्का बसला की पुढचं सगळंच निरर्थक वाटतं. ही समजूत अगदी हवेतून आलेली नाही. कोपनहेगनमध्ये ८०४ रुग्णांचा पाठपुरावा करून १९९५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ९५ टक्के रुग्णांनी चालण्याची आपली सर्वोत्तम पातळी पहिल्या ११ आठवड्यांतच गाठली होती. आकडा खरा आहे. पण तो त्या काळी जे उपचार मिळत होते त्यांच्यासोबतचा आलेख आहे. उपचार संपले, माणूस घरी गेला, खुर्चीत बसला आणि आलेख सपाट झाला, तर त्यावरून मेंदूची क्षमता संपली असं सिद्ध होत नाही. सहा महिन्यांनंतर कसून सराव सुरू केलेल्या रुग्णांवर नंतर झालेल्या चाचण्या वेगळं सांगतात. त्यातली सर्वांत महत्त्वाची चाचणी मी जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या रोबोच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिच्यातच आहे.

तिचं नाव लीप्स. २०११ साली ती न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली. पार्श्वभूमी अशी: पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू कापलेल्या मांजरांना ट्रेडमिलवर आधार देऊन धरलं तर त्यांचे मागचे पाय पुन्हा लयीत चालू लागतात, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं होतं. त्यावरून माणसालाही हार्नेसने टांगून, शरीराचं थोडं वजन कमी करून ट्रेडमिलवर चालवायची कल्पना आली. लहान चाचण्यांचे निकाल आशादायक होते आणि यंत्रं धडाधड विकली जाऊ लागली. मग लीप्सने ४०८ रुग्ण घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत वाटले. एका गटाला स्ट्रोकनंतर दोन महिन्यांनी हार्नेस-ट्रेडमिलचं प्रशिक्षण, दुसऱ्याला तेच पण सहा महिन्यांनी, आणि तिसऱ्या गटाच्या घरी फिजिओथेरपिस्ट जाऊन ताकदीचे आणि तोल सावरण्याचे व्यायाम करून घेणार. प्रत्येकाला ३६ सत्रं, प्रत्येक सत्र दीड तासाचं, साधारण तीन-चार महिन्यांत. एक गोष्ट ध्यानात घ्या: घरचा व्यायाम हा उपचार म्हणून ठेवलाच नव्हता, तो तुलनेसाठी होता. ट्रेडमिल त्याला सहज मागे टाकेल अशीच संशोधकांची अपेक्षा होती.

वर्षाअखेरीस तिन्ही गट बरोबरीत. एकूण ५२ टक्के रुग्ण चालण्याच्या वरच्या पायरीवर गेले होते. वेगातली वाढ तिन्ही गटांत सेकंदाला पाव मीटरच्या आसपास, फरक नावापुरताच. म्हणजे जे उशिरा, सहा महिन्यांनी सुरू झाले तेही वर्षाअखेरीस बाकीच्यांच्या जोडीला आले. तुमच्या डॉक्टरांच्या वाक्याला माझं उत्तर हे आहे. लवकर सुरू केलेल्यांना सहा महिन्यांच्या टप्प्यावर आघाडी होती, ती नाकारायचं कारण नाही. लवकर चालता आलं तर ते हवंच असतं. पण उशीर झाला म्हणून दार बंद झालेलं नव्हतं.

या निकालाचा अर्थ लावताना दोन टोकं गाठली गेली. काहींनी 'ट्रेडमिल बेकार' असं जाहीर केलं, काहींनी 'काहीही केलं तरी चालतं' असं. दोन्ही चूक. तिन्ही गटांत समान काय होतं ते बघा. ३६ सत्रं, समोर प्रशिक्षित माणूस आणि दर आठवड्याला वाढत जाणारं आव्हान. आपल्याकडच्या किती रुग्णांना एवढं मिळतं? आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं येऊन पलंगावर पाय वर-खाली करून जाणं, याची लीप्समधल्या कोणत्याच गटाशी तुलना होत नाही. त्याच चाचणीतला आणखी एक आकडा मी प्रत्येक कुटुंबाला सांगतो: वर्षभरात ५७.६ टक्के रुग्ण किमान एकदा पडले. आणि ज्यांचं चालणं फारच कमकुवत होतं त्यांच्यात, लवकर ट्रेडमिल सुरू केलेल्या गटात वारंवार पडणारे जास्त होते. चालणं सुधारतं तसा माणूस जास्त हिंडतो आणि पडायचे प्रसंगही वाढतात. पडण्याचा विचार चालण्याच्या उपचारासोबतच करायचा असतो, नंतर नाही.

आता रोबो. रोबो म्हणजे एक तर पायांना बाहेरून सांगाडा बांधून ट्रेडमिलवर पावलं टाकून घेणारं यंत्र, नाही तर पावलं दोन हलत्या फळ्यांवर ठेवून चालण्याची हालचाल घडवणारं यंत्र. यांवरच्या सगळ्या चाचण्या एकत्र करून कॉक्रेन संस्थेने वेळोवेळी आढावे काढलेत. २०२० च्या आढाव्यात ६२ चाचण्या आणि २४४० रुग्ण होते. निष्कर्ष असा की नेहमीच्या फिजिओथेरपीला अशा यंत्राची जोड दिली तर आधाराशिवाय चालू लागण्याची शक्यता वाढते. केंद्राच्या पत्रकावर बहुधा हेच वाक्य असेल. पत्रकावर नसतं ते पुढचं: हा फायदा मुख्यतः स्ट्रोकनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत आणि ज्यांना अजिबात चालता येत नाही त्यांना होतो. वडील या दोन्हीत बसत नाहीत.

जे आधीच चालतात त्यांच्याबाबत निकाल जवळजवळ उलटा आहे. २००८ मध्ये ४८ जुन्या, पण चालू शकणाऱ्या रुग्णांवर चाचणी झाली. अर्ध्यांना रोबोने चालवलं, अर्ध्यांना ट्रेडमिलवरच पण गरजेपुरता थेरपिस्टच्या हाताचा आधार देऊन. वेग थेरपिस्टच्या गटात जास्त वाढला. पुढच्याच वर्षी ६३ रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीत रोबोची तुलना साध्या, जमिनीवरच्या फिजिओथेरपीशी झाली. हे रुग्ण स्ट्रोकच्या पहिल्या सहा महिन्यांतले होते. तिथेही साधी फिजिओथेरपी पुढे. कारण समजायला कठीण नाही. यंत्र पाय पुढे नेणारच आहे म्हटल्यावर रुग्ण जोर लावणं हळूहळू सोडून देतो, त्याच्याही नकळत. शिवाय यंत्रातलं प्रत्येक पाऊल आधीच्या पावलासारखंच बिनचूक पडतं. पाऊल चुकणं, तोल जाणं, तो सावरणं, पुढचं पाऊल बदलणं यातून शरीर शिकतं, आणि नेमकं तेच यंत्र होऊ देत नाही. २०२० साली अमेरिकेतल्या न्यूरो फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेने मार्गदर्शक तत्त्वं काढली, ती सहा महिन्यांपलीकडच्या आणि चालू शकणाऱ्या रुग्णांसाठीच होती. चालण्याचा वेग किंवा अंतर वाढवण्यासाठी अशांना रोबोवर चालवू नये, असं त्यात सरळ लिहिलंय. हार्नेसने वजन कमी करून ट्रेडमिलवर चालवण्याबद्दलही तेच. शिफारस कशाची? मध्यम ते जास्त तीव्रतेने चालण्याच्या सरावाची.

म्हणजे मी रोबोच्या विरोधात आहे असं नाही. सहाव्या आठवड्यात उभंही राहू न शकणाऱ्या धिप्पाड रुग्णाला दोन-तीन माणसं धरून जेमतेम दहा पावलं चालवतात आणि तीही दमून जातात. त्याला यंत्र एका सत्रात शेकडो पावलं देऊ शकतं. तिथे मी स्वतः त्याची शिफारस करतो. जो काठी घेऊन चालतो त्याला त्या यंत्रात बांधणं मात्र मला पटत नाही.

साध्या ट्रेडमिलचं थोडं वेगळं आहे. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात ५६ चाचण्या, ३१०५ रुग्ण. चालू न शकणाऱ्याला ट्रेडमिलने चालतं केलं असं दिसलं नाही. चालणाऱ्यांचा वेग सरासरी सेकंदाला ०.०६ मीटरने आणि सहा मिनिटांतलं अंतर सुमारे १४ मीटरने वाढलं. सरासरी म्हणून हे फारच किरकोळ. पण या सरासरीत रमतगमत चालवलेले आणि घाम काढलेले सगळे एकत्र मोजलेत.

माझ्या मते या विषयातला खरा प्रश्न इथेच आहे. उपकरण कोणतं हे दुय्यम. रुग्णाने किती पावलं टाकली आणि त्याच्या हृदयाला किती काम पडलं, हे आधी विचारा. २००९ मध्ये संशोधकांनी पुनर्वसन केंद्रांत बसून प्रत्यक्ष मोजणी केली. चालण्याच्या सरावाच्या एका सत्रात रुग्ण सरासरी ३५७ पावलं टाकत होते. एवढी पावलं धडधाकट माणूस चार मिनिटांत टाकतो. उरलेला वेळ इतर गोष्टींत जात होता. त्यानंतर कॅनडात ७५ रुग्णांवर एक चाचणी झाली, निकाल २०२० मध्ये आले. स्ट्रोकनंतर काही आठवड्यांतच, रुग्णालयात असतानाच, तासाभराच्या सत्रात दोन हजारांवर पावलं आणि हृदयाचा वेग ठरावीक पातळीवर, असं ध्येय ठेवलं होतं. नेहमीची थेरपी घेणाऱ्यांपेक्षा या गटाचं सहा मिनिटांतलं अंतर जवळपास ६० मीटरनी जास्त निघालं. एका गटाला दिवसाला आणखी एक तास जादा दिला होता, त्याने वेगळा फायदा झाला नाही. म्हणजे वेळ दुप्पट करण्याआधी आहे तो वेळ भरून वापरा.

वडिलांच्या परिस्थितीला सर्वांत जवळची चाचणी २०२३ मधली, जामा न्यूरॉलॉजीत आलेली. ५५ रुग्ण, स्ट्रोकला सहा महिने ते पाच वर्षं झालेली, सरासरी वय ६३. आठवड्यातून तीनदा, ४५ मिनिटं, बारा आठवडे. थोडा वेळ जमिनीवर, थोडा ट्रेडमिलवर, पुन्हा जमिनीवर. एक गट मध्यम गतीने सलग चालला. दुसरा अर्धा मिनिट शक्य तितक्या वेगाने चालायचा, मग अर्धं ते एक मिनिट थांबायचा, पुन्हा वेगाने. चार आठवड्यांनी सहा मिनिटांतलं अंतर पहिल्या गटाचं १२ मीटरनी वाढलं होतं आणि दुसऱ्याचं २७ मीटरनी. आठ आठवड्यांनी २९ आणि ५८. बारा आठवड्यांनी २७ आणि ७१. आकडे नीट पाहा. मध्यम गटाची वाढ आठव्या आठवड्यानंतर थांबली, जोराच्या गटाची चालू राहिली. आणि चौथ्या आठवड्यात दोघांतला फरक एवढा कमी होता की कोणीही 'विशेष काही होत नाही' म्हणून सोडून दिलं असतं.

तीव्रतेने असं का व्हावं? स्ट्रोकनंतर हृदय-फुप्फुसांची क्षमता समवयस्क निरोगी माणसापेक्षा बरीच खाली येते. त्यात अर्धांगाच्या चालीत तेवढंच अंतर कापायला जास्त ऊर्जा लागते. क्षमता कमी आणि खर्च जास्त, म्हणून पाचव्या मिनिटाला दम संपतो. जोराने चालण्याच्या सरावात दम आणि चाल दोन्ही एकदम घडतात.

पण सावधान. त्या ५५ जणांची आधी ईसीजीसह ताणचाचणी झाली होती, आणि पडू नयेत म्हणून वरून सुरक्षेचा हार्नेस होता. वजन उचलण्यासाठी नव्हे, पडल्यास झेलण्यासाठी. ज्याला स्ट्रोक होतो त्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांतही बऱ्याचदा दोष असतो. त्यामुळे हे वाचून उद्याच वडिलांना गच्चीवर पळवू नका. हृदयतज्ज्ञांना दाखवा, रक्तदाब आटोक्यात आहे ना बघा, जोराचा व्यायाम करू द्यायचा का हे स्पष्ट विचारा. परवानगी मिळाली तर नाडीचं गणित असं: २२० मधून वय वजा करा, ६२ वर्षांसाठी १५८. बसलेलं असताना नाडी ७२ असेल तर मधला फरक ८६. त्याचे ६० टक्के सुमारे ५२, ते ७२ मध्ये मिळवले की १२४. मध्यम आणि जोराच्या व्यायामाची सीमारेषा साधारण इथे येते. वडील बीटा-ब्लॉकर ही रक्तदाबाची आणि हृदयाची गोळी घेत असतील, आणि स्ट्रोकनंतर अनेक जण घेतात, तर हे गणित फसवं ठरतं, कारण ती गोळी नाडी वाढूच देत नाही. अशा वेळी आम्ही दमण्याच्या अंदाजावर जातो: एक वाक्य बोलता यावं, पण गप्पा मारता येऊ नयेत.

घासणाऱ्या चवड्याबद्दल. याला दोन जुने, प्रामाणिक उपाय आहेत. घोट्याचा स्प्लिंट, ज्याला आम्ही एएफओ म्हणतो, आणि गुडघ्याखालच्या मज्जातंतूला विजेचे हलके धक्के देऊन पाऊल उचलणारा स्टिम्युलेटर. दुसरा आधुनिक वाटतो, पण त्याची कल्पना १९६१ मध्येच मांडली गेली होती. २०१३ साली १९७ रुग्णांवर दोघांची थेट तुलना झाली. तीस आठवड्यांनी दोन्ही गटांचा वेग वाढला होता आणि जवळजवळ सारखाच. स्टिम्युलेटर वापरणारे जास्त समाधानी होते, एवढाच फरक. पुढच्या वर्षी ४९५ रुग्णांच्या चाचणीतही वेगाच्या बाबतीत बरोबरीच झाली. तेव्हा आधी स्प्लिंट, बरोबर मापाचा, बुटात बसणारा. 'स्प्लिंट लावला की पाय आळशी होतो' हे वाक्य तुम्हाला कोणीतरी ऐकवेलच, आमच्याच व्यवसायातलं कोणीतरी. चवडा अडकून खुब्याचं हाड मोडलेला माणूस महिनोन्महिने अंथरुणाला खिळतो, आणि त्याचा पाय कुठल्याही स्प्लिंटपेक्षा जास्त आळशी होतो. स्प्लिंटमुळे जर ते रोज दुप्पट पावलं टाकणार असतील तर तो व्यायामच आहे.

बोटॉक्सचं काम मर्यादित आहे आणि त्या मर्यादेत चांगलं आहे. पोटरीचा ताठरपणा कमी होतो, परिणाम साधारण तीन महिने टिकतो. चालण्याच्या वेगावर त्याचा परिणाम चाचण्यांत अगदी थोडा दिसतो. टाच टेकतच नसेल, पाऊल आत वळत असेल, बोटं आवळून दुखत असतील किंवा ताठरपणामुळे स्प्लिंट बसत नसेल, तर जरूर घ्या. नुसतं 'चालणं सुधारेल' म्हणून घेऊ नका. आणि घेतलंत तर त्यानंतरचे आठवडे व्यायामाविना घालवू नका, नाहीतर इंजेक्शन फुकट.

गोळ्यांची कथा जरा मजेशीर आहे, म्हणजे संशोधकांसाठी दुःखद. २००१ मध्ये लॅन्सेटमध्ये ५३ रुग्णांची एक चाचणी आली: फिजिओथेरपीच्या आधी लेव्होडोपा दिला तर हालचाली जास्त सुधारतात. पार्किन्सनसाठी वापरतात तेच औषध. काही ठिकाणी ते लिहून दिलं जाऊ लागलं. मग ब्रिटनमध्ये ५९३ रुग्णांवर नीट चाचणी झाली, २०१९ मध्ये निकाल आला, आणि प्रश्न नेमका चालण्याचाच होता: आठ आठवड्यांनी कोण स्वतः चालतंय? औषधाच्या गटात ४१ टक्के, नकली गोळीच्या गटात ४५ टक्के. फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या औषधाचंही तेच. २०११ मधल्या ११८ रुग्णांच्या फ्रेंच चाचणीत हालचाली सुधारल्या, सगळे खूश झाले. पुढे ब्रिटनमधल्या ३१२७, स्वीडनमधल्या १५०० आणि ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व व्हिएतनाममधल्या १२८० रुग्णांच्या तीन मोठ्या चाचण्या झाल्या. अपंगत्वात काही फरक नाही, उलट हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं. चालायला शिकणाऱ्या माणसाला नको असलेली गोष्ट नेमकी हीच. (वडिलांना हे औषध नैराश्यासाठी चालू असेल तर माझं वाचून बंद करू नका, तो वेगळा विषय आहे आणि तिथे त्याचा उपयोग आहे.) लहान चाचणीत चमकलेलं मोठ्या चाचणीत विझणं या क्षेत्रात इतक्या वेळा घडलंय, की पन्नास जणांवरचा निकाल दाखवून कोणी काही विकत असेल तर मी थांबतो.

आता स्टेम सेल. स्ट्रोकनंतरचं चालणं त्याने सुधारतं असं पक्क्या पुराव्याने कुठेही सिद्ध झालेलं नाही. संशोधन चालू आहे, ते चालू राहावं. पण खऱ्या चाचणीत भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. 'आमची ट्रायल आहे, एवढे भरा' असं कोणी म्हणालं की तिथून उठायचं. मानेतल्या व्हेगस मज्जातंतूला विद्युत उद्दीपन देणाऱ्या यंत्राचीही जाहिरात तुमच्यापर्यंत येईल. त्याला अमेरिकेत २०२१ मध्ये परवानगी मिळाली ती हाताच्या हालचालींसाठी. चालण्यासाठी नाही.

तुम्ही मध्येच विचारलंय की सुरुवातीला रुग्णालयात वडिलांना दोन दिवस उठवलं नाही, तेव्हाच नुकसान झालं का. बहुधा नाही. २०१५ च्या अ‍ॅव्हर्ट चाचणीत २१०४ रुग्ण होते. पहिल्या २४ तासांत उठवून वारंवार, जास्त वेळ हालचाल करवलेल्या गटात तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत ४६ टक्के होते, नेहमीच्या पद्धतीच्या गटात ५० टक्के. पहिल्या दिवसाची घाई फायद्याची ठरली नाही. ही टोचणी मनातून काढून टाका.

आणि घरच्यांनीच सगळा व्यायाम करून घेतला तर? हा प्रश्न भारतातच तपासला गेलाय. अटेंड नावाच्या चाचणीत १४ रुग्णालयांतले १२५० रुग्ण होते. निम्म्यांच्या घरच्यांना पुनर्वसनाचं प्रशिक्षण दिलं. २०१७ मध्ये निकाल: सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन दोन्ही गटांत ४७ टक्के. मी यातून 'घरच्यांनी काही करू नये' असं वाचत नाही. घरच्यांनी केलेला व्यायाम हा प्रशिक्षित माणसाच्या व्यायामाची जागा घेत नाही, एवढंच वाचतो. तुमचं काम पावलं मोजणं, सोबत चालणं, टाळाटाळ ओळखणं. आव्हान किती आणि कधी वाढवायचं हे ठरवायला फिजिओथेरपिस्ट हवा. एकट्याने कंटाळा येत असेल तर गटात करा. वेगवेगळ्या कामांच्या थांब्यांवरून फिरत करायच्या गटव्यायामाच्या १७ चाचण्यांचा आणि १२९७ रुग्णांचा आढावा घेतला गेला, त्यातल्या ज्या चाचण्यांत सहा मिनिटांतलं अंतर मोजलं होतं त्यांत ते सरासरी ६० मीटरनी जास्त निघालं. यंत्राशिवाय एवढं मिळतं हे लोकांना खरं वाटत नाही.

तर वडिलांसाठी मी काय करीन? आधी मोजमाप. सपाट जागेत १४ मीटर अंतर आखा, पहिले आणि शेवटचे दोन मीटर सोडून मधल्या १० मीटरला किती सेकंद लागतात ते बघा, नेहमीच्या वेगाने, काठीसह. २५ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर वेग सेकंदाला ०.४ मीटरच्या खाली, म्हणजे चालणं घरापुरतं. साडेबारा सेकंदांच्या आत आले तर ०.८ च्या वर, म्हणजे बाहेर मोकळेपणी वावरता येण्याजोगं. मग सहा मिनिटांत किती मीटर जातात तेही, मध्ये बसायची सोय ठेवून. हे आकडे कोणताही कोर्स सुरू करण्याआधी वहीत हवेत, नाहीतर 'फरक पडतोय' हे फक्त केंद्रवाल्याच्या तोंडून कळेल. वेग सेकंदाला ०.१६ मीटरने वाढला तर तो अर्थपूर्ण फरक मानला जातो.

नंतर स्प्लिंट आणि हृदयतज्ज्ञांची परवानगी. मग आठवड्यातून तीन दिवस, ३० ते ४५ मिनिटं, बहुतेक वेळ पायांवर. भिंतीकडेच्या कठड्याजवळ किंवा कमरेला पट्टा बांधून, तो धरायला एक जण सोबत. सुरुवातीला एक मिनिट चालणं, एक मिनिट विश्रांती. ते सोपं झालं की वेगाचे छोटे टप्पे. सरळ चालणं जमू लागलं की वळणं, आडवं चालणं, पायऱ्या, जमिनीवरच्या वस्तू ओलांडणं, बाहेरची ओबडधोबड जमीन. पावलं मोजणारं घड्याळ चांगल्या पायाच्या घोट्यावर बांधलं तर मनगटापेक्षा बरं चालतं, कारण हळू चालणाऱ्यांची पावलं मनगटावर अनेकदा नोंदलीच जात नाहीत. छातीत दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात नव्याने अडखळणं यातलं काहीही झालं तर तिथेच थांबायचं आणि रुग्णालय गाठायचं. चार आठवड्यांनी पुन्हा मोजा पण निर्णय घेऊ नका. बाराव्या आठवड्यात घ्या.

रोबोच्या केंद्रालाही एक संधी द्यायची असेल तर त्यांना तीन प्रश्न विचारा. एका सत्रात वडील स्वतःच्या जोरावर किती पावलं टाकतील? त्या वेळी नाडी किती ठेवणार आणि ती कोण बघणार? आणि काठीने चालणाऱ्या, सहा महिन्यांपलीकडच्या रुग्णाला तुमच्या यंत्राचा फायदा झाल्याची कोणती चाचणी दाखवाल? तिथे चांगला फिजिओथेरपिस्ट असेल तर पहिल्या प्रश्नालाच तो तुम्हाला यंत्राबाहेर, जमिनीवर चालण्याच्या सत्रांकडे वळवेल. तसं झालं तर तिथेच नाव घाला.

पुढचं सांगायला मला १० मीटरचे सेकंद, सहा मिनिटांचे मीटर, चालू औषधांची यादी आणि गेल्या तीन महिन्यांत ते किती वेळा, कुठे आणि काय करताना पडले, एवढं कळवा. पडण्याची माहिती वडिलांना नको, आईला विचारा. ते स्वतः कमी सांगतील.